तार तीच, दाणा खोटा

साखर कारखान्यात तिसऱ्या पाळीत ए पॅन, म्हणजे पहिल्या प्रतीच्या साखरेचा पाक व्हॅक्यूममध्ये उकळायचं भांडं, निम्म्यावर आलेला. दाणा अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, एकसारखा. प्रूफ स्टिकने, म्हणजे नमुना काढायच्या दांड्याने, नमुना काढून काचेवर पसरला, दिव्यासमोर धरला, तर दाण्यांच्या मधे बारीक पिठी. फॉल्स ग्रेन, म्हणजे नको असताना पडलेला नवा, खोटा दाणा. दहा मिनिटांपूर्वी काच स्वच्छ होती.

बाहेरच्यांना वाटतं, रस आटवला की साखर पडते. तसं नसतं. 60 अंशांना 100 ग्रॅम पाण्यात साधारण 288 ग्रॅम साखर विरघळते. त्याच्या पुढे आटवलं तरी जादा साखर लगेच बाहेर येत नाही, पाकातच दबून राहते. हा अतिसंपृक्त पाक. संपृक्त पाकाच्या साधारण 1.2 पटीपर्यंत आहेत तेच दाणे वाढतात. त्यापुढे त्यांच्या सोबतीने नवे पडतात, आणि 1.3 च्या वर तर दाणा नसला तरी आपसूक. पॅन चालवणाऱ्या पॅनमनची सगळी अक्कल 1 आणि 1.2 च्या मधे खर्च होते.

झालं असं, की शेजारचा पॅन ड्रॉप केला, म्हणजे रिकामा केला, आणि त्याचं इंजेक्शन पाणी, म्हणजे वाफ थंड करायचं पाणी, आमच्या कंडेन्सरला मिळालं. व्हॅक्यूम पाऱ्याच्या 24 इंचांवरून 26 वर. उकळबिंदू आठनऊ अंश उतरला, आणि गार पाकात साखर कमी मावते. म्हणजे 1.15 वर असलेला पाक, थेंबभर सिरप न घेता, 1.25 च्या घरात. हाक मारायला कुणाला सुचलं नाही. पॅन फ्लोअरवर ही जुनी खोड आहे.

“काका, तार तर बरोबर आहे की,” हेल्पर म्हणाला. पाक चिमटीत ओढून निघणारी तार मीही पाहिली होती. तार पाकाचा घट्टपणा सांगते, पॅनमधलं तापमान नाही.

सिरप बंद केलं, इंजेक्शन व्हॉल्व्ह चेपून व्हॅक्यूम 23 वर आणला आणि टनभर गरम पाणी हळूहळू सोडलं. पाक संपृक्ततेच्या जरा खाली गेला की पिठी आधी विरघळते. चांगल्या दाण्याचे कोपरेही थोडे झिजतात. पिठी तशीच ठेवली असती तर दाणा आणि मळी वेगळी करणाऱ्या सेंट्रिफ्युगलच्या जाळ्या चोंदल्या असत्या, धुवायला पाणी जास्त लागलं असतं आणि साखर परत मळीत गेली असती. काच स्वच्छ व्हायला चाळीस मिनिटं लागली. ते पाणी पुन्हा आटवायची वाफ वेगळीच.

शिफ्ट इनचार्जनी विचारलं ते फक्त उशिराबद्दल.

खटकतंय ते वेगळंच. पॅन लवकर उरकावा म्हणून मी पाक मुळातच 1.15 पर्यंत आवळला होता. 1.08 वर असता तर तोच झटका त्याने पचवला असता. लॉगबुकात मात्र मी ‘व्हॅक्यूम वाढला’ एवढंच लिहिलंय.