दूध कमी केलं आणि ताट रिकामं व्हायला लागलं

आमचा मुलगा तीन वर्षांचा झाला तेव्हा मऊ वरणभात, केळं, बिस्किट आणि दूध याच्यापलीकडे तो काही खात नव्हता. भाजी दिसली की तोंड फिरवायचा. पोळीचा घास गालात धरून बसायचा, तो गिळायला अर्धा तास. मोबाइलवर कार्टून लावलं की तोंड उघडायचं, बंद केलं की घास बाहेर. घरात मी, बायको आणि माझी आई, आणि तिघांचंही लक्ष दिवसभर त्याच्या तोंडाकडे.

ठाण्यातल्या वर्तकनगरात आमच्या बालरोगतज्ज्ञांकडे गेलो ते भुकेचं टॉनिक लिहून घ्यायला. डॉक्टरांनी आधी त्याच्या वजनाचा तक्ता काढला. जागतिक आरोग्य संघटनेच्या आलेखावर त्याची रेघ मधल्या रेघेच्या खाली होती, पण घसरली नव्हती, तिच्याबरोबरीनं वर चालली होती. पहिल्या वर्षात मुलाचं वजन जन्मवेळच्या साधारण तिप्पट होतं आणि दोन वर्षांनंतर ते वर्षाला दोनेक किलोच वाढतं, म्हणून या वयात भूकही उतरते, असं त्यांनी सांगितलं. मग विचारलं, "दूध किती पितो?"

सकाळी उठल्याउठल्या, दुपारी झोपताना, संध्याकाळी बिस्किटांबरोबर आणि रात्री बाटलीतून. बेरीज लिटरभर झाली. "जेवला नाही ना, मग निदान दूध तरी जाऊ दे पोटात," असं आई म्हणायची आणि आम्हालाही ते पटायचं. डॉक्टर म्हणाले, दिवसाला ४०० ते ५०० मिलिलिटर पुरे. दुधात लोह जवळजवळ नसतंच, शिवाय त्यातल्या कॅल्शियममुळे बाकीच्या अन्नातलं लोहही कमी शोषलं जातं. रक्त तपासलं तर हिमोग्लोबिन ९.८. या वयात ते ११ च्या खाली नको. आणि लोह कमी पडलं की मुलाची भूकही मरते.

लोहाचं सिरप सुरू झालं. ते दुधाबरोबर द्यायचं नाही, आणि शी काळी झाली तर घाबरायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. ते बरं केलं, कारण ती खरंच डांबरासारखी काळी होते.

त्याहून अवघड होतं घराचं वेळापत्रक. न्याहारी, अकराला फळ, दुपारचं जेवण, संध्याकाळचं खाणं, रात्रीचं जेवण. मधल्या वेळात फक्त पाणी. ताटात काय आणि किती वाजता हे मोठ्यांनी ठरवायचं, खायचं की नाही आणि किती खायचं हे मुलानं. ही विभागणी अमेरिकेतल्या आहारतज्ज्ञ एलिन सॅटर यांची, डॉक्टरांनी ती आम्हाला समजावून सांगितली. ऐकायला सोपी आहे. पण चार वाजता पोरगं बिस्किटाच्या डब्यापाशी लोळण घेतं तेव्हा फार जड जाते. पहिल्या आठवड्यात एका रात्री तो दोन घास खाऊन उठला. आई म्हणाली, "अरे, पोर उपाशी झोपेल!" मी तिला म्हटलं, "आई, सकाळी बघू." मलाही झोप नीट लागली नाही. सकाळी त्यानं नाचणीचं घावन मागून खाल्लं.

त्या दिवसापासून आईचा विश्वास बसला आणि खरं काम पुढे तिनंच केलं. चहात बुडवलेलं बिस्किट बंद केलं, कारण चहाही लोहाच्या आड येतो. त्याच्यासाठी वेगळं रांधणं थांबलं, आमचंच तिखट कमी झालं. भाजी थालीपिठात दडवण्याला माझा विरोध नाही, पण फक्त दडवत राहिलं तर मुलाला दोडका कसा दिसतो, कसा लागतो, हे कळणार कधी? म्हणून त्याच्या छोट्या वाटीत रोज चमचाभर भाजी, जशी आहे तशी. दोन ते सहा या वयात नव्या पदार्थाची धास्ती असतेच. काही मुलांना तो दहा-पंधरा वेळा समोर यावा लागतो. आमच्याकडे दोडका आधी बोटानं दाबला गेला, मग हुंगला, मग चाटून ताटाच्या कडेला ठेवला. आम्ही "खा" म्हणायचं नाही आणि खाल्लं तरी टाळ्या वाजवायच्या नाहीत, असं ठरलं होतं. एके दिवशी गप्पांच्या नादात तो गिळलाही.

रविवारी त्याला जांभळी नाक्याच्या बाजारात नेतो. मेथीची जुडी तो स्वतः धरतो, घरी आल्यावर आजीबरोबर निवडतो, पानांपेक्षा काड्याच जास्त टाकतो भांड्यात. ती भाजी मात्र खातो, वर लिंबू पिळून, कारण पालेभाजीतलं लोह शोषायला आंबटाची मदत होते. मासळीतलं लोह त्यापेक्षा सहज अंगी लागतं. आईच्या मते लहान मुलांना आणि बाळंतिणीला मुडदुशीच द्यावी. काटे काढत बसते ती, एकेक तुकडा दोन बोटांनी चाचपून.

शेंगदाणे अजून कूट करूनच देतो, अख्खा दाणा श्वासनलिकेत अडकू शकतो. पुढच्या तपासणीत हिमोग्लोबिन ११.४ आलं. भोपळा आणि वांगं अजून नको असतं, पण आता दुपारी हाक मारायच्या आधीच तो पाटावर येऊन बसतो.

आमच्यासारखंच कुणाकडे चाललं असेल तर आधी दिवसभराचं दूध मोजून बघा. मात्र वजनाची रेघ खाली येत असेल, गिळताना ठसका लागत असेल किंवा खाण्यातले पदार्थ एकेक करून कमी होत चालले असतील, तर घरच्या घरी काही करत बसू नका, मुलाला लगेच डॉक्टरांना दाखवा.