धबधबा इथून पडतो

परवा दुपारी कपाटात भलतंच काहीतरी शोधताना जुना अल्बम हाती लागला आणि जे शोधत होते ते राहिलं ते राहिलंच. त्यात एक फोटो आहे, मागे काळा ठणठणीत कोरडा खडक, पुढे आम्ही चौघं उन्हाने डोळे बारीक करून उभे आणि बाबांचं एक बोट वर, खडकाच्या टोकाकडे. मागच्या बाजूला बाबांच्या अक्षरात लिहिलंय, 'धबधबा इथून पडतो'.

मी तेव्हा आठेक वर्षांची असेन. भर उन्हाळ्यात गेलेलो, धबधबा आटलेला. पण बाबांच्या वहीत त्याला १०.२० ते १०.५० अशी वेळ दिलेली होती त्यामुळे तेवढा वेळ तो बघणं भाग होतं, पाणी नाही हा धबधब्याचा प्रश्न, आमचा नाही. आम्ही अर्धा तास खडक बघितला. भावाने भोकाड पसरलं. आई मात्र चपला काढून एका दगडावर निवांत बसली आणि आलेली माणसं बघत राहिली.

प्रत्येक ट्रिपला ती हेच करायची, आणि आता लक्षात येतंय की मी तिच्यावरच गेलेय. मला स्थळं फार वेळ बघवत नाहीत, माणसं कितीही वेळ बघवतात. वहीवाले तर लांबून ओळखू येतात, मनगटाकडे बघत बघत चालतात. काहींना कुणीतरी हवापालट सांगितलेला असतो. काहींना घरातून नुसतं उठून जायचं असतं, कुठे ते दुय्यम. काही दुसऱ्याचे फोटो बघून निघालेले असतात पण ते मरेपर्यंत कबूल करणार नाहीत. आणि एक प्रकार माझा फार लाडका, हे लोक दरीच्या काठावर उभं राहून मागच्या वर्षी बघितलेल्या समुद्राबद्दल बोलतात आणि समुद्रावर गेले की दरीबद्दल. कारणांचं काय हो, पॅकेज टूरवाल्यांचा मूळपुरुष थॉमस कुक, त्याने १८४१ मध्ये आगगाडीने पहिली सहल नेली ती चक्क दारूबंदीच्या सभेला!

व्ह्यूकडे पाठ करून मोबाईलमध्ये बघणाऱ्यांना हल्ली सगळे नावं ठेवतात, मीही ठेवायचे. पण अठराव्या शतकात इंग्लंडातले हौशी प्रवासी खिशात एक छोटा काळपट फुगीर आरसा ठेवायचे, डोंगर-तळं दिसलं की त्याच्याकडे पाठ करायची आणि आरशात बघायचं, का तर त्यात ते चित्रासारखं दिसतं. कवी थॉमस ग्रे १७६९ मध्ये असाच आरसा हातात धरून चालताना चिखलाच्या वाटेवर उताणा पडला. बोटांची सालटी गेली, तरी पठ्ठ्याने थांबून सूर्यास्त बघितलाच. तेव्हापासून मी सेल्फीवाल्यांना काही म्हणत नाही, फार तर जरा मागे सरका म्हणते.

त्याहून भारी म्हणजे १९११. ऑगस्टमध्ये लूव्र म्युझियममधून मोनालिसा चोरीला गेली, आणि म्युझियम परत उघडल्यावर ती जिथे टांगलेली असायची ती रिकामी जागा बघायला लोकांनी गर्दी केली. भिंत! मी हे वाचलं तेव्हा पहिल्यांदा बाबाच डोळ्यापुढे आले, बोट वर करून, 'चित्र इथे असतं'.

इजिप्तमधल्या मेम्नॉनच्या पुतळ्याची गंमत याच्या उलट. तो पहाटे ऊन पडलं की आवाज करायचा म्हणे, आणि तो ऐकायला रोमन काळात लांबून लांबून लोक जायचे, १३० साली तर सम्राट हेड्रियनही लवाजम्यासकट जाऊन आला. जाणाऱ्यांनी पुतळ्याच्या पायांवर ग्रीक आणि लॅटिनमध्ये कोरून ठेवलंय, अमुक दिवशी, अमुक वेळी मी मेम्नॉनला ऐकलं. काहींनी कितीदा ऐकलं तेही. दगडावर नावं कोरणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो पण या लोकांवर नीट रागावता येत नाही, दोन हजार वर्षं होत आली म्हणून असेल.

तो धबधबा मी नंतर बघितला. म्हणजे गेले. बाबा गेले त्याच्या पुढच्या वर्षी, मुद्दाम पावसाळा गाठून, एकटीच. वहीतलीच वेळ धरून १०.२० ला कठड्यापाशी उभी राहिले. धुकं असलं दाट की कठडाच जेमतेम दिसत होता, पलीकडे नुसता पांढरा अंधार आणि त्यातून प्रचंड आवाज. शेजारी उभी असलेली बाई म्हणाली, काहीच दिसत नाहीये हो, नेमका पडतो कुठून?

मी बोट वर केलं.

घरी आल्यावर आईने विचारलं, दिसला का? म्हटलं, हो, दिसला की.