खांदा सुटल्यानंतरचा वर्ग

जून, सोमवार

योगाचा वर्ग पुन्हा सुरू झाला. आज नेमका पाण्याचा दिवस, म्हणून निम्म्या बायका नळाशीच अडकलेल्या. सोलापुरात वर्गाची वेळ शेवटी नळच ठरवतो. मला ते बरंच पडलं. इतक्या महिन्यांनी एकदम भरलेल्या हॉलसमोर उभं राहायचं जरा जिवावरच आलं होतं.

खांदा आखडला होता माझा, फ्रोजन शोल्डर. चाळिशी ते साठीच्या बायकांत हे जास्त, मधुमेह असला तर आणखी; सुटायला कधी एक, कधी तीन वर्षंही घेतो. योगाच्या बाईंना वेणी घालायला हात वर नेता येत नाही, यावर गल्लीत भरपूर करमणूक झाली. होऊ दे.

आज फक्त ताडासन घेतलं. पूर्वी 'श्वास घेत हात वर' एवढं म्हणून मी पुढच्या आसनाकडे वळायचे. आता हात वर जाताना काय काय हलतं ते मला आतून माहीत आहे. साधारण दोन तृतीयांश हालचाल खांद्याच्या सांध्यात होते, उरलेली पाठीवरचं त्रिकोणी हाड फिरतं म्हणून. ते हाड अडलं की माणूस मान आखडून, कंबर वाकवून हात कसाबसा वर रेटतो. माझंही तेच चाललं होतं. फिजिओथेरपीत भिंतीवर बोटं एकेक करत वर चढवायला लावायचे, मुंगी चढते तशी. तेच आज सगळ्यांना दिलं.

पूर्व भागातल्या एक अक्का येतात, घरी तेलुगू बोलणाऱ्या. दिवसभर मांडीवर सूप घेऊन विड्या वळतात. मांडी घालून ताठ बसणं त्यांना शिकवायचं म्हणजे मीच त्यांच्याकडून शिकायचं. पण हात वर जाताच म्हणाल्या, "म्याडम, इथं वढतंय बघा." बोट मानेच्या मुळाशी. खाली बघून पानं वळायची, त्यामुळे मान पुढे, खांदे गोल. मी त्यांच्या शेजारी उभी राहिले, दोघींनी मिळून भिंत चढली. त्या माझ्यापुढे चार बोटं गेल्या आणि वळून बघितलंसुद्धा!

घरी येऊन पतंजलींची योगसूत्रं उघडली. अभ्यास पक्का व्हायला समाधिपादात तीन गोष्टी सांगितल्यात : दीर्घकाळ, खंड न पडू देता, आदरानं. मधली तर गेली माझी. पहिलीचा हिशोबही पुन्हा शून्यापासून. राहिला आदर. तो मात्र वाढलाय, विशेषतः ताडासनाबद्दल. ते सोपं वाटायचं मला.

एकवीस जूनला मंचावर प्रात्यक्षिकाला या, असा निरोप आला होता. 2015 पासून दरवर्षी या दिवसांत अशी धांदल असतेच. नाही म्हणून कळवलं. मागच्या रांगेत चटई टाकून बसेन म्हटलं, तर पलीकडच्यांना ती चेष्टा वाटली. खरंच बसणार आहे.

उद्या पाणी नाही, म्हणजे वर्ग भरेल. भिंत एवढ्या जणींना पुरायची नाही, दोन तुकड्या कराव्या लागतील. आणि हॉलच्या मालकीणबाईंना आधी सांगून ठेवायला हवं. रंग नवा आहे, बोटांचे ठसे उमटणारच.