पत्रावळीच्या मशीनची डाय बसेना, तेव्हा

आमच्याकडचं द्रोण-पत्रावळीचं मशीन नवं नाही. जळगावकडच्या एका बंद पडलेल्या युनिटमधून ते आम्ही उचललं आणि तळोद्याला आणून बसवलं. बारा इंची ताटाची वरची डाय (साचा), म्हणजे नर, कडेला तडकलेली होती. तेवढी एका कारखान्यातून नवी करून घेतली. खालची डाय, म्हणजे मादी, जुनीच ठेवली, कारण तिला काही झालेलं नव्हतं. नवी नर आली, चढवली, आणि ती बसेना. थंड असताना एक तक्रार, तापल्यावर दुसरी, आणि दोन्ही वेळा तिसरीच एक. आमच्या भागात बचत गटांमधून अशी जुनी मशीनं बरीच फिरतात आणि प्रत्येकीला सुटे भाग वेगळ्याच ठिकाणाहून आणावे लागतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

ज्यांनी हे मशीन पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. खाली बेड, त्यावर मादी डाय. वर दोन खांबांवर सरकणारी जाड प्लेट, तिच्या पोटाला नर डाय. मोटर आणि गिअर प्लेटला खाली आणतात, पान दोघींच्या मध्ये दाबलं जातं. दोन्हीत हीटर असतात, त्यामुळे पान त्या आकारात वाळून पक्कं होतं, आणि कडेची रिंग जास्तीचं पान कापून टाकते. 2018 च्या मार्चमध्ये राज्यात प्लॅस्टिक-थर्माकोलवर बंदी आली, 1 जुलै 2022 पासून देशभर एकदा वापरून फेकायच्या प्लॅस्टिकच्या ताटल्यांवर आली. तेव्हापासून सातपुड्याच्या पायथ्याला पळसाचं पान गोळा करणाऱ्या बायांना थोडी मागणी दिसायला लागली. मागणी असली तरी ताट नीट कापलं गेलं पाहिजे. आमच्या ताटाची मोटरकडची कड अर्धवट कापलेली, झिरमिळ्या लोंबणारी. उचललं की ताटाबरोबर कातरणही यायचं.

पाहायला आलेल्या प्रत्येकाचा सल्ला एकच होता: घासा. कोणी म्हणे ग्राइंडर मारा, कोणी म्हणे एमरी लावून फिरवत राहा, आपोआप जागा करते. शेजारच्या वेल्डरभाऊंनी तर ग्राइंडरची वायर लावायलाच घेतली होती. मला ते पटेना. घासलेलं लोखंड परत येत नाही, आणि दोन डायींपैकी चुकीची कोणती हेच अजून कळलेलं नव्हतं. शहाद्याला लेथ चालवणारे एक नाना आहेत, माझ्या वडलांच्या ओळखीचे. त्यांना फोन केला. ते म्हणाले, "ताई, हातोडा ठेवी द्या. पहिले मोजी ल्या." आणि संध्याकाळी व्हर्नियर, डायल गेज ही मोजायची साधनं आणि एक जुना डबा घेऊन स्वतःच आले.

त्यांनी डायला हात लावायच्या आधी बोल्ट काढले. नव्या डायबरोबर कारखान्याने बारा एमएमचे बोल्ट दिले होते, चकचकीत. ते प्लेटमध्ये एक-दोन आटे जायचे आणि घट्ट व्हायचे. घट्ट झाले म्हणजे आवळले गेले असंच कोणालाही वाटेल. नानांनी डब्यातून एक गंजका बोल्ट काढला, माझा नवा बोल्ट त्याला आडवा चिकटवून धरला आणि ट्यूबलाइटसमोर केला. दोघांचे आटे एकमेकांत बसायला हवे होते. पहिला बसला, दुसरा कसाबसा, तिसऱ्यापासून मध्ये उजेड दिसायला लागला.

तो गंजका बोल्ट अर्ध्या इंचाचा होता, आणि प्लेटची भोकंही अर्ध्या इंचाची निघाली. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर, इंचाला 12 आटे, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर साधारण 2.12 मिलिमीटर. बारा एमएमच्या बोल्टला हेच अंतर 1.75. बोल्ट बारीक असल्यामुळे आत शिरतो, पण लगेच त्याचे आटे भोकाच्या आट्यांवर चढतात आणि अडतो. तो अडलेला असतो, आवळलेला नसतो. पान्याने अजून जोर लावला तर दोन्हीकडचे आटे सोलले जातात. देशात वजन-मापांचा कायदा 1956 ला होऊन मेट्रिक आलं, पण वर्कशॉपच्या टॅपच्या (आटे पाडायच्या हत्यारांच्या) पेटीत अर्धा इंच अजून ठाण मांडून आहे, आणि जुन्या मशीनला हात लावणाऱ्याने दोन्ही मापं जवळ ठेवावीतच.

नानांनी भोकं मोठी करून नवीन आटे पाडायचं टाळलं. अर्ध्या इंचाचा टॅप हलक्या हाताने फिरवून पहिले चेपलेले आटे साफ केले आणि अर्ध्या इंचाचेच बोल्ट आणवले. आता नवीन अडचण अशी की डायची भोकं होती साडेबारा एमएमची, अर्ध्या इंचाचा बोल्ट त्यातून जाईना. ती साडेतेराची करून घेतली. मला वाटलं एवढी ढिली कशाला. तर त्या ढिलाईतच डाय इकडेतिकडे सरकवून मध्यावर आणता येते. बोल्टाचं काम डाय धरून ठेवायचं, ती कुठे बसवायची हे ठरवायचं नाही.

त्यानंतरची तपासणी मला सगळ्यात आवडली, कारण ती कोणालाही घरी करता येईल. मेन स्विच बंद. नुसतं बटण नाही, मेन; आणि हीटरही थंड. सोल्डरिंगच्या मऊ तारेचे चार तुकडे मादीच्या कडेवर चार दिशांना ठेवायचे आणि फ्लायव्हील हाताने फिरवून प्लेट पूर्ण खाली आणायची. वर नेल्यावर चपटे झालेले तुकडे व्हर्नियरने मोजायचे. मोटरच्या बाजूचा तुकडा 1.3 मिलिमीटर निघाला, माझ्या उभ्या राहायच्या बाजूचा 0.8. बाकीचे दोन मधले. म्हणजे नर डाय तिरपी उतरत होती. इतके दिवस ज्या बाजूला आम्ही नुसते वैतागून बघत होतो ती मोटरची बाजू दाबलीच जात नव्हती.

डाय खाली उतरवली आणि प्लेटच्या पोटावरून मी हात फिरवला. माझ्या उभ्या राहायच्या बाजूला मटकीएवढं काहीतरी लागलं. जुन्या मालकाने कधीतरी ब्रॅकेट जोडताना उडालेला वेल्डिंगचा थेंब, त्यावर निळ्या ऑइलपेंटचे थर, त्यावर पानांची काजळी. जुन्या डायच्या पाठीला बरोबर त्या जागी खळगा होता, ती थेंबासकट बसत होती. नव्या डायची पाठ सपाट, म्हणून ती त्या बाजूने खाली ढकललेली आणि मोटरच्या बाजूने वर राहिलेली. थेंब छिन्नीने काढला, रंग खरवडला, सपाट दगडाने नुसती उंचवट्यांची टोकं मारली. परत तारेचे तुकडे. फरक अर्ध्या मिलिमीटरवरून जवळजवळ गेला. नव्या डायवर ग्राइंडर फिरवला असता तर ती त्या थेंबाच्या मापाने वाकडी करून घेतली असती.

खांबांच्या बुशांवर, म्हणजे प्लेट ज्यांवरून खांबावर सरकते त्या नळ्यांवर, मी फार लिहीत नाही, कारण ते काम नानांच्या लेथवर झालं. प्लेट हाताने ढकलली की डायल गेजचा काटा अर्ध्या मिलिमीटरच्या पुढे जात होता. बुश लंबगोल झिजले होते. गनमेटलचे नवे टाकले. एवढंच सांगते की बुश घरात दाबून बसवला की त्याचं आतलं भोक किंचित आवळतं. म्हणून 25 एमएमच्या खांबासाठी रीमर (भोक अचूक मापाचं करायचं हत्यार) बुश बसवल्यानंतर मारायचा, आधी नाही. कोणी टर्नर टेबलावरच भोक फायनल करून बुश हातात देत असेल तर विचारा, बसवल्यावर काय?

एवढं झाल्यावर थंड मशीन सुरेख चाललं. कोऱ्या कागदाचं ताट गोल, स्वच्छ कापून निघालं. आम्ही हीटर लावले. अर्ध्या-पाऊण तासाने प्लेट खाली येताना कण्हायला लागली, पट्टा सटकायला लागला आणि मादीच्या काठावर चांदीसारखी बारीक चूर दिसली.

नानांनी खिशातलं चुंबक नर डायला लावलं. चिकटलं नाही. मादीला लावलं, टक्कन बसलं. मादी बिडाची, नर ॲल्युमिनियमची. कारखान्याने हलकी आणि लवकर तापणारी म्हणून ॲल्युमिनियममध्ये ओतली होती. त्यात वाईट काही नाही, पण माप जुन्या बिडाच्या डायचं जसंच्या तसं उचललं होतं. हिशोब वहीच्या मागच्या पानावर झाला. कापायच्या कडेचा व्यास 300 मिलिमीटर. सकाळचे पंचवीस अंश आणि चालू मशीनचे सव्वाशे, म्हणजे शंभर अंशांची वाढ. ॲल्युमिनियम अंशामागे दहा लाखाला 23 भाग फुगतं, बीड साधारण 11. म्हणजे नर 0.69 मिलिमीटर वाढली आणि मादीचं तोंड 0.33 ने. फरक 0.36, प्रत्येक बाजूला 0.18. फिलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्ट्यांनी) थंड असताना मोजलेली फट होती बाजूला 0.15. तापल्यावर जागाच उरत नव्हती, धातू धातूवर घासत होता.

म्हणून नरच्या कडेवरून व्यासात 0.4 मिलिमीटर लेथवर काढलं. हे एकच घासणं आम्ही केलं. आता थंड फट बाजूला 0.35 आणि गरम असताना 0.17 च्या आसपास. याचा एक तोटा आहे. मशीन पुरतं तापायच्या आधी ताट घातलं तर कड फाटते, कारण तेव्हा फट मोठी असते. सकाळी घाईत असलेल्या बाईला हे समजावून सांगावं लागतं. दोन्ही डायींचे थर्मोस्टॅटही वेगवेगळे पाहावे लागतात. नर दहा अंश जास्त तापली तरी व्यासात 0.07 मिलिमीटर गेलं.

डाय कायमची आवळायची पद्धतही या प्रकरणात बदलली. पूर्वी थंड असतानाच पान्याने गच्च करायचे. आता बोल्ट नुसते हाताने टेकवायचे आणि मशीन चालवायच्या तापमानाला आणायचं. मग मेन बंद करून, कडेला चारही बाजूंना सारख्या जाडीच्या कागदाच्या पट्ट्या ठेवून, फ्लायव्हील हाताने फिरवत प्लेट खाली आणायची. नर स्वतःच मादीत मध्यावर जाते. तशीच दाबलेली ठेवून समोरासमोरचे बोल्ट थोडे थोडे आवळायचे, एक एक करून पूर्ण नाही. जाड हातमोजे घाला, आणि बोटं दोन डायींच्या मध्ये कधीही नकोत, वीज बंद असली तरी. फ्लायव्हीलला वीज लागत नाही.

हे सगळं झालं तरी काही ताटं बुडाला तडकत राहिली, आणि मी पुन्हा बोल्ट बघायला लागले. नणंद म्हणाली, वहिनी, मशीन सोड, पान बघ. पळसाची नवी पानं उन्हाळ्यात येतात, तेव्हाच वाळवून थप्प्या लावून ठेवतो. दिवाळीनंतर ती कडकडीत होतात. पाणी शिंपडून रात्रभर ओल्या गोणपाटाखाली दाबून ठेवली की लवचिक होतात. फार ओली झाली तर डायला चिकटतात आणि काळी पडतात, म्हणून सकाळी मुठीत चुरडून बघते: मोडलं नाही आणि हाताला पाणीही लागलं नाही की घालायला घेते. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या यात्रेसाठी ताटांची ऑर्डर आहे, ती मशीनच्या या बारा इंची बाजूवर निघेल. सहा इंची द्रोणाच्या डायचे बोल्ट मी अजून सोडलेले नाहीत. ते बारा एमएमचे आहेत की अर्ध्या इंचाचे, ते ऑर्डर गेल्यावर बघते.