मागच्या वर्षीच्या मुली काय करतायत?

आज देणगीदारांना १०बीई सर्टिफिकेट, म्हणजे करसवलतीसाठी लागणारा देणगीचा दाखला, द्यायला फिरलो, पीडीएफ व्हॉट्सॲपवर टाकून भागलं असतं पण म्हटलं ३१ मेच्या आत सगळ्यांना भेटूनच येऊ. सदाशिव पेठेतल्या एक काकू, चार वर्षं झाली, पेन्शनमधून २००० रुपये न चुकता देतात आपल्या अभ्यासिकेला. चहा ठेवला आणि विचारलं, मागच्या वर्षीच्या मुली आता काय करतायत रे? मला दोघींचंच सांगता आलं. फार लागलं मनाला.

२०१३ च्या कंपनी कायद्याने मोठ्या कंपन्यांना सरासरी नफ्याच्या २ टक्के सीएसआरवर, म्हणजे सामाजिक कामांवर, खर्च करणं आलं, तेव्हापासून आमच्यासारख्या छोट्या संस्थाही प्रपोजल आणि प्रेझेंटेशनच्याच मागे, आणि ज्यांनी पहिल्यापासून साथ दिली त्यांना फोन कधी, तर मार्च एन्डला, ८०जीची, म्हणजे देणगीवरच्या करसवलतीची, आठवण करून द्यायला. हे असं मीच ठरवलं होतं, टीमचा यात काही दोष नाही.

जिन्यातूनच आमच्या शिकवणाऱ्या पोरीला फोन लावला, म्हटलं देणगीदारांशी बोलायचं काम यापुढे तू बघ, मुलींना रोज भेटतेस तू. ती म्हणाली, दादा, मुलींनाच पत्रं लिहू देत ना. येताना पोस्टकार्डं घेऊन आलोय, रविवारी सगळे बसतोय, पहिलं काकूंना.