आमची वाटचाल : मोडाची नाचणी आणि पावसाआधीचे आठ महिने

आमचा व्यवसाय म्हणजे मोड आलेल्या नाचणीचं सत्त्व आणि आंबिलीचं पीठ. राहतो ऐरोलीला, रबाळे एमआयडीसीत भाड्याचा एक छोटा गाळा आहे, मी, मिस्टर आणि कामाला तीन ताई, एवढाच पसारा. ऑगस्टमध्ये फोन केला की "सत्त्व आहे, आंबिलीचं पीठ संपलं" असं का सांगता हे खूप जण विचारतात, एका वाक्यात सांगता येत नाही, म्हणून सगळंच लिहून काढतेय.

सुरुवात २०१५ ची. मुलगी सहा महिन्यांची झाली, वरचं सुरू करायचं होतं. सासूबाई मुरबाडकडच्या, त्यांनी गावाहून नाचणी आणली, रोळून खडे काढले, रात्रभर भिजवली, फडक्यात घट्ट बांधून टांगली, मोड आले की सावलीत वाळवून हलकी भाजली आणि दळून वस्त्रगाळ केली. बिल्डिंगमधल्या दोघींनी मागितली, मग त्यांच्या बहिणींनी, आणि वर्षभरात स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा राहिली नाही. २०१६ ला एफएसएसएआयचं रजिस्ट्रेशन केलं.

मोडाला एवढं महत्त्व का ते आधी सांगते कारण पुढची सगळी धडपड त्यासाठीच आहे. दाण्याला मोड येताना आतमध्ये पिष्ट फोडणारी एन्झाइम तयार होतात. अशा पिठाची पेज शिजवताना पातळ होते, म्हणजे बाळाच्या चार चमच्यांत जास्त पीठ जातं आणि तरी घशात अडकत नाही. साध्या नाचणीच्या पिठाचा तेवढ्याच पाण्यात गोळा होतो. पण दाणा जास्त तापला की हीच एन्झाइम मरतात, म्हणून खमंग वासासाठी जोरात भाजायचं की पेज पातळ ठेवायची यात आम्ही पेज निवडली. वास कमी येतो अशी तक्रार अजून येते, येऊ दे.

आता हवामान. जानेवारीत मोडाला तीस-बत्तीस तास लागतात, मे महिन्यात संध्याकाळी बांधलेली नाचणी सकाळीच तयार, आणि दुपारपर्यंत राहिली तर आंबूस वास येतो, ती टाकावी लागते. पाऊस लागला की तर विचारूच नका, मोड येतात पण वाळत नाही, दोन दिवसांत पांढरी बुरशी. २०१७ च्या जुलैत पंख्याखाली वाळवायचा प्रयत्न केला, साठ किलो फेकली. लहान बाळांचं खाणं आहे, "थोडासाच वास येतोय" म्हणून चालवून घ्यायची गोष्टच नाही ही. त्या दिवशी ठरवलं की जून ते सप्टेंबर मोड आणायचे नाहीत, वर्षाचं काम आठ महिन्यांत बसवायचं.

बोलायला सोपं होतं, पण त्यासाठी नाचणी आधी हातात पाहिजे ना. नाचणी खरिपाची, डोंगरउताराच्या वरकस जमिनीत पावसात लावणी, दिवाळीच्या आसपास कापणी, मग मळणी, म्हणजे माल येणार नोव्हेंबर-डिसेंबरला. आणि आंबिलीला मागणी मार्च ते मे. वर्षाची सगळी नाचणी थंडीत घेऊन ठेवायची म्हणजे सगळे पैसे एकदम थंडीतच लागणार, आणि ते आमच्याकडे नव्हते. म्हणून सुरुवातीला दर महिन्याला वाशीच्या दाणा मार्केटमधून दोन-दोन कट्टे आणायचो. तिथे कर्नाटकातली नाचणी भरपूर असते, देशात सगळ्यात जास्त तिकडेच पिकते, आणि दिसायला एकदम स्वच्छ. २०१८ ला एका व्यापाऱ्याकडून तीन कट्टे घेतले, भिजवले, बांधले, आणि शंभरातले तीसही दाणे फुटले नाहीत. माल जुना होता. नाचणीला कीड सहसा लागत नाही म्हणून लोक वर्षानुवर्षं ठेवतात, भाकरीला ती चांगलीच असते, पण जुन्या दाण्याची उगवण जाते. त्याला सांगितलं तर म्हणे "ताई, खायची नाचणी मागितली, खायची दिली". रागाने रडायला आलं होतं, पण खरं सांगायचं तर मीच त्याला मोडासाठी पाहिजे असं कधी बोलले नव्हते.

तेव्हापासून नियम, आधी मूठभर आणायची, शंभर दाणे मोजून ओल्या फडक्यात ठेवायचे, नव्वदच्या वर फुटले तरच माल उचलायचा.

मग आम्ही सरळ गावाकडेच गेलो. सासूबाईंच्या ओळखीने मुरबाड, पुढे जव्हार-मोखाड्यापर्यंत. तिथे एकेका घरात दोन-चार पायल्याच विकायला असतात, बाकी घरात खायला. पाच कुटुंबांपासून सुरुवात केली आणि आज चौदा आहेत. नाचणी मापाने नको, किलोवर घेतो, काटा त्यांच्या अंगणात लावतो आणि पैसे त्याच दिवशी हातात. पहिल्या वर्षी त्यासाठी माझ्या पाटल्या पतसंस्थेत ठेवल्या होत्या, एप्रिलच्या आंबिलीवर सोडवल्या, आणि पुढे सलग तीन वर्षं हेच केलं.

याच काळात एक गोष्ट कळली ती मला फार धीर देऊन गेली. माझा भाचा म्युनिकला नोकरीला आहे, त्याला घरी बिअर करायचा छंद लागलाय. आमच्याकडेही दोन-तीन मुलं जवाचं मॉल्ट मागायला आली होती, त्यांना मी सांगितलं की महाराष्ट्रात लायसन्सशिवाय बिअर करता येत नाही आणि मी ते देणार नाही. पण भाच्याशी बोलताना लक्षात आलं की त्याचं मॉल्ट आणि माझं सत्त्व एकाच रीतीचं, भिजवा, मोड आणा, वाळवा. फरक असा की जव पंधरा-सोळा डिग्रीला चार-पाच दिवस हळूहळू मोड धरतो, आपल्या ठाण्याच्या हवेत एसीशिवाय ते जमणारच नाही, आणि आपली नाचणी याच उकाड्यात खूश असते. नवीन कापलेला जव तर लगेच मोडही धरत नाही म्हणे, काही आठवडे झोपून राहतो. आणि त्याने सांगितलं की बव्हेरियात १५५३ मध्ये कायदाच केला होता, २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर बिअर करायची नाही, कारण उन्हाळ्यातली बिघडायची. मग ते लोक मार्चमध्ये जरा कडक करून थंड तळघरात ठेवायचे आणि उन्हाळाभर पुरवायचे. हे ऐकलं आणि मला वाटलं, अगं, हेच तर आपण करतोय! आमचा बंदीचा काळ पावसाळा, आणि आमचं तळघर म्हणजे गाळ्यातले घट्ट झाकणाचे ड्रम. मोडाची नाचणी कडकडीत वाळवून मे अखेरपर्यंत ड्रममध्ये भरायची आणि लागेल तशी दळायची, दळून ठेवायची नाही, पीठ दमट हवेत लवकर खराब होतं.

२०२० ला मार्चअखेर लॉकडाऊन लागला, आंबिलीचा सीझन सगळा गेला, पण ड्रम भरलेले होते म्हणून जूनपासून सोसायट्यांच्या ग्रुपवर सत्त्व विकून ताईंचे पगार निघाले. पुढच्या वर्षी लोन काढून ट्रे ड्रायर घेतला. विकणाऱ्याने ऐंशी डिग्रीवर चालवा, लवकर वाळेल म्हणून सांगितलं होतं, आम्ही पन्नासच्या वर नेत नाही, पेजेसाठी. ड्रायर असूनही पावसात मोड आणत नाही, कारण बुरशी वाळवायच्या आधीच धरते.

२०२३ हे भरडधान्य वर्ष म्हणून जाहीर झालं तेव्हा लोक नाचणी शोधत आले, छान वाटलं, आणि भावही चढले. सरकारी हमीभावच २०२१-२२ ला क्विंटलला ३,३७७ होता तो २०२४-२५ ला ४,२९० झाला. आम्ही हमीभावाच्या वरच देतो. आमचं पाकीट महाग झालं, काही गिऱ्हाईकं गेली, त्याचं वाईट वाटतं, पण उतारावर वाकून लावणी करणाऱ्या मावशीचे दोन रुपये कापून पाकीट स्वस्त करणं मला पटत नाही.

आंबिलीचं पीठ मात्र जुलैपर्यंत संपतंच, कारण ड्रममधलं उरलेलं आधी बाळांच्या सत्त्वाला राखून ठेवतो. कोपरखैरण्याच्या एक आजी दर श्रावणात फोन करतात, त्यांना मी सांगते, साधी नाचणी घ्या, दळून ताकात रात्रभर भिजवा, पावसात जरा उबेला ठेवा, आंबील होते. त्या म्हणतात, "तुझ्यासारखी होत नाही गं." यंदा त्यांच्यासाठी एक डबा बाजूला काढलाय.

परवा मोखाड्याहून फोन आला, लावणी झाली. दोन नवीन घरांनी विचारलंय, आमची घेणार का म्हणून. मिस्टर म्हणाले आधी ड्रम वाढवायला पाहिजेत, मी हो म्हणून टाकलंय, ड्रम दिवाळीआधी आणू.