कातडी वायसर

दुपारी जेवून माणसानं गप झोपावं. मी माळा आवरायला चढलो. फुटक्या ट्रंकेच्या मागं पोत्यात गुंडाळलेली तात्यांची छऱ्याची बंदूक निघाली. खाली उतरेपर्यंतही धीर निघाला नाही. वाशापासून डोकं सांभाळत तिथंच नळी मोडून, म्हणजे सांध्यातून खाली वाकवून, बघितली. ताण लागला, पण नावालाच. चाप ओढला तर पूर्वीच्या ‘ठाप्‌’ऐवजी नुसतं फुस्स.

वायसर गेला होता.

स्टोव्हच्या घरात वाढलेल्यांना वायसर समजावून सांगावा लागत नाही. स्टोव्हचा पंप हवा धरेनासा झाला की आई दांडा बाहेर ओढायची, टोकाची कातडी वाटी दोन बोटांत धरून कडा बाहेरच्या अंगाला वळवायची, खोबरेलाचं बोट फिरवायची आणि दांडा परत आत. सायकलच्या पंपातही तीच वाटी. बंदुकीतही तीच, फक्त आणखी जाड. पुष्कळांना वाटतं की स्प्रिंग छऱ्याला ढकलते. स्प्रिंग छऱ्याला शिवतसुद्धा नाही. ती पिस्टनला ढकलते, पिस्टन हवा दाबतो आणि दबलेली हवा बारीक भोकातून नळीत शिरून छरा घेऊन जाते. मधली ती वाटी सैल पडली तर स्प्रिंग कितीही दमदार असो, हवा कडेनं पळून जाते.

पोत्यानं पुसल्यावर सिलिंडरवरचा शिक्का दिसू लागला. डायना. धनुष्य टाकून देऊन बंदूक डोक्यावर उंच धरलेली शिकारीची देवी. कारखाना मूळचा जर्मनीतल्या राश्टाटचा, 1890 चा. आमच्या बंदुकीवर मात्र ‘मेड इन ग्रेट ब्रिटन’. दुसऱ्या महायुद्धानंतर या कारखान्याची यंत्रसामग्री नावासकट स्कॉटलंडच्या मिलब्रो कंपनीकडं गेली. पुढं जर्मन कारखाना पुन्हा उभा राहिला, तेव्हा त्याला ब्रिटनमध्ये स्वतःचाच माल ‘ओरिजिनल’ या नावानं विकावा लागला. भाऊबंदकी काय फक्त आपल्याकडंच असते असं नाही.

तात्यांच्या हयातीत या बंदुकीनं काही मारल्याचं मला आठवत नाही. गच्चीवर वाळवणं पडली की आजी ती मांडीवर घेऊन बसायची. छरा नाही, काही नाही. माकडं कठड्यावर आली की नुसती नळी मोडायची; त्या ‘खट्ट’ आवाजावर टोळी पसार. नंतर नंतर तर काठी उचलली तरी पळायची. नाहीच पळाली तर आजी रिकामीच उडवायची आणि तात्या खालून ओरडायचे, “मोकळी मारू नगा, आई!” त्यांचं बरोबर होतं. पुढं छरा असला की हवा कोंडते आणि त्या हवेच्या उशीवर पिस्टन टेकतो. छरा नसला तर थेट लोखंडावर आदळतो. स्प्रिंग त्यानंच मोडते. पण पापड माकडांच्या तोंडात चाललेले असताना हे कोण ऐकतो!

आमचा उद्योग वेगळाच. आईच्या शिलाई मशीनच्या तेलाची चोच असलेली बाटली पळवायची, हवेच्या भोकात दोन थेंब सोडायचे आणि भिंतीला टेकवलेल्या पोत्यावर बार टाकायचा. आवाज असा फुटायचा की शेजारच्या काकू बाहेर यायच्या. नळीतून निळसर धूर, जळक्या तेलाचा वास. खरी बंदूक! खूप पुढं, डिझेल इंजिन शिकताना कळलं की आत तेच होत होतं. हवा एकदम दबली की तापते आणि तेल पेट घेतं. त्या धुराबरोबर वायसरही जळत होता, म्हणजे आज जे दुरुस्त करायचं होतं त्यात आमचा हिस्सा मोठाच.

नवा वायसर कुरियरनं घरपोच येतो, प्लॅस्टिकचा, टिकाऊसुद्धा. पण मला कातडीच हवी होती. का, ते विचारू नका. काही लोकांना चहा कपातून चालत नाही. कोल्हापूरच्या चप्पल लाईनीत गेलो. तिथल्या कारागिरानं माप ऐकून माझ्याकडं नीट बघितलं. “बंदुकीला? चपलेचं कातडं?” मग त्यानंच गठ्ठ्यातून तुकडा काढला. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं कातडं भिजवून दाबलं की दिलेला आकार धरतं. क्रोमवर कमावलेलं मऊ कातडं वाळल्यावर पुन्हा आपल्या वळणावर जातं. हे त्याला माझ्यापेक्षा चांगलं माहीत होतं. तुकड्याचे पैसे घेतले नाहीत.

उद्यमनगरातल्या लेथवाल्यानं वाटी दाबायला छोटा साचा करून दिला. बसलेली स्प्रिंगही त्याच्याच ओळखीनं बदलली. ती बाहेर काढताना मात्र गंमत नाही. स्प्रिंग आत दाबूनच बसवलेली असते. मागचा ठोकळा क्लॅम्प न लावता सोडवला तर तो थेट तोंडावर येतो. सुताराकडून क्लॅम्प आणला आणि एकेक आटा सोडवत गेलो. ओली वाटी साच्यातून काढून सावलीत वाळवली, ब्लेडनं कड तासली, तेलात मुरत ठेवली. मग पिस्टनवर चढवून, स्प्रिंग न घालताच, पिस्टन सिलिंडरमध्ये सारला आणि दुसऱ्या हाताच्या अंगठ्यानं पुढचं भोक बंद केलं. पिस्टन निम्म्यात अडला. जोर लावला तर दबला आणि हात सोडताच आपोआप मागं आला. हवा धरली होती. बाकीची जुळवाजुळव मग हमालीच.

त्या आठवड्यात रंकाळ्यावर फिरायला गेलो तर फुगेवाल्याची बंदूक नुसत्या आवाजावरून ओळखली. वायसर कोरडा, स्प्रिंग दमलेली, वर नळीचा सांधा ढिला. बायको म्हणाली, “भेळ खा.” तरी मी विचारलंच, फुकट दुरुस्त करून देऊ का? तो हसला. “नगं सायेब. हाय ती बरी हाय.” त्याच्या फुग्यांचा हिशेब त्याला ठाऊक.

2024 साली राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेनं पॅरिसहून 50 मीटर रायफलमधलं कांस्य आणलं आणि कोल्हापुरात प्रत्येक चहाच्या टपरीवर नेमबाजीतला एकेक तज्ज्ञ उभा राहिला. श्वास असा रोखायचा, रायफल खांद्यात अशी घट्ट रुतवायची. खरं-खोटं त्यांचं त्यांना माहीत, पण स्प्रिंगची बंदूक घट्ट धरून चालत नाही. पिस्टन पुढं सुटला की बंदूक मागं येते, पिस्टन थांबला की पुढं जाते, आणि हे दोन्ही हिसके छरा नळीबाहेर पडायच्या आत होऊन जातात. तिला हवं तसं हलू द्यायचं, फक्त दर वेळी सारखं. तात्या सांगायचे, कोंबडीचं पिल्लू धरल्यासारखी धर. सांगताना त्यांच्या उजव्या अंगठ्याचं दुभंगलेलं नख माझ्या डोळ्यांसमोर असायचं. छरा घालताना नळी डाव्या हातानं धरून ठेवली नव्हती, खटका सुटला आणि नळी मिटली. अंगठा आत होता.

चुलतभावाचा पोरगा दहा वर्षांचा आहे. बंदूक नीट झाल्याचं त्याला कुणी सांगितलं कोण जाणे, रोज येतो. त्याच्या बापाचं म्हणणं, खेळणंच आहे, परवानासुद्धा लागत नाही. नाही लागत, 2016 च्या शस्त्र नियमांत 0.177 इंच नळीच्या आणि 20 ज्यूलपर्यंतच्या एअरगनला सूट आहे. पण डोळा जायला एवढी ताकद पुष्कळ झाली. मी पोराला नळी मोडायची कशी, मोडलेली धरून ठेवायची कशी, एवढंच शिकवतोय. कंटाळतो बिचारा. छरे कुठायत म्हणून विचारतो. संपले म्हणतो.